उकळलेल्या तारा

पुढचा मजकूर वाचण्यापूर्वी वाचकांनी हातातलं काम खाली ठेवावं आणि शक्य असेल तर ताठ बसावं, ही नम्र विनंती. एका अत्यंत गंभीर विषयाला मी आज हात घालते आहे. आमच्या घरातली दोन कर्ती माणसं सात वर्षं एका पंगतीला जेवली आणि त्या सात वर्षांत त्यांनी एकमेकांना थेट मीठ दिलं नाही. मीठ माझ्या हातून जायचं. भांडण बांधाचं नव्हतं, विहिरीच्या पाळीचं नव्हतं, कुठल्या सोयरिकीतलंही नव्हतं. भांडण होतं बासच्या तारांचं. त्या कधी बदलाव्यात, कशाने ओढाव्यात आणि जुन्या झाल्या की त्यांचं काय करावं, ह्यावर. जगात ह्याहून मोठे प्रश्न आहेत हे मला पुढे नोकरीला लागल्यावर कळलं, पण तोवर माझा पिंड तयार झाला होता.

त्यातला एक माणूस म्हणजे माझे बाबा, दुमिंग. आठवडाभर केळीची बाग आणि लग्नसराईतल्या रविवारी पास्कूमास्तरच्या बँडमध्ये उभा बास. उभा बास म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन समजा, जे खांद्यावर घेता येत नाही म्हणून त्याच्या शेजारी उभं राहायचं. दुसरा माणूस बस्त्यावमामा, आईचा धाकटा भाऊ. वालीवला एका वर्कशॉपात लेथवर नोकरी लागली तेव्हा 'खोली मिळेपर्यंत' म्हणून आमच्याकडे आला होता. खोली शोधायला तो एकदाही बाहेर पडल्याचं मला आठवत नाही. मामाकडे बासगिटार होती, विजेवर चालणारी, लाल. पास्कूमास्तरच्या बँडमध्ये बासवाल्याची जागा एकच, म्हणून एका रविवारी बाबा आणि दुसऱ्या रविवारी मामा, अशी पाळी लागलेली होती. घरी आम्ही आमची बोली बोलायचो. ती इथे लिहिली तर शेजारच्या तालुक्यातल्या वाचकालासुद्धा घाम फुटेल, म्हणून सगळ्यांच्या तोंडी साधी मराठी घालते आहे. ती माणसं आता वर आहेत, मला माफ करतील. मामा बहुधा करणार नाही.

बाबांचं म्हणणं असं की, जे वाद्य वाजवायला भिंतीत खुपसावं लागतं ते वाद्य नव्हे, ती इस्त्री. मामाचं म्हणणं असं की, ज्याच्या आत दोन माणसं जेवायला बसू शकतात ते वाद्य नव्हे, ते कपाट. बाबा तारा कधीच बदलत नसत. लोणचं मुरावं तसा तारेत घाम मुरावा लागतो, नव्या तारा नुसत्या ओरडतात, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्यांच्या तारा माझ्या जन्माच्याही आधीपासून मुरत होत्या. वाजवायच्या दिवशी ते पपई खात नसत, कारण पपईने बोटं मऊ होतात. हे त्यांना कोणी सांगितलं असं विचारलं तर ते नुसते दया आल्यासारखे बघत. मामाचं देवघर वेगळं. गिटारचा पट्टा लांब सोडून ती मांड्यांपाशी लोंबवणारा वादक म्हणजे धोतर सुटलेला माणूस, आणि प्लास्टिकच्या नखीने बास वाजवणारा म्हणजे चमच्याने माशाचं कालवण-भात खाणारा माणूस. विरारच्या एका लग्नात मुंबईहून आलेला बासवाला नखीने वाजवतोय हे दिसल्यावर मामा पानावरून उठला आणि उपाशीपोटी सायकल मारत घरी आला. आईने विचारलं, मटण खारट होतं का? तो म्हणाला, विचारू नको. एक चांगलं स्थळ त्याने ह्या कारणाने नाकारलं की मुलीचा भाऊ खंजिरी वाजवायचा. खंजिरीबाबत मात्र दोघांचं एकमत होतं. ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कॉयरमधल्या मुलींनी खंजिरी काढली की बाबा डाव्या दाराने आणि मामा उजव्या दाराने बाहेर पडत आणि देवळाच्या आवारात आंब्याखाली, एकमेकांकडे पाठ करून, गाणं संपेपर्यंत थांबत. दोघं स्वखुशीने एका झाडाखाली आल्याचा एवढाच प्रसंग वर्षातून घडे.

ह्या दोघांच्या मधे मी, इजाबेल, घरची इजू. अठरा पूर्ण. माझं पाप असं की मी दोघांकडेही शिकत होते आणि आपण एकटेच गुरू आहोत अशी दोघांचीही समजूत होती. सकाळचा तास बाबांचा. आईने उभ्या बासला घराबाहेर काढलं होतं, तो बागेच्या टोकाला सुकेळीच्या खोपीत राहायचा. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, दिवस मावळायच्या आत पेंढ्यात झाकायची, असं आठ-दहा दिवस केलं की काळसर, मधासारखी सुकेळी तयार होतात. तो वास ज्याने लहानपणी घेतला त्याला पुढे कुठल्याही अत्तराचं अप्रूप वाटत नाही. त्या वासात, मधमाश्यांच्या गुणगुणीत, बाबा मला एकेक सूर दाबायला लावत. आवाज कसा, तर ओल्या मातीवर नारळ पडावा तसा. धप्. दोन पावलं मागे गेलं की तोही गडप. शनिवारी दुपारी ओट्यावर मामाचा तास. तिथे सगळं लखलखीत. अँप्लिफायरच्या पेटीतून निघालेला सूर शेजारच्या जांभाच्या झाडापर्यंत जाऊन परत यायचा. आज माझा नातू कानात कापूस घातल्यासारखी यंत्रं घालून फिरतो आणि म्हणतो, आजी, बास ऐक, बास. मी ऐकते आणि छान म्हणते. त्याला कुठे माहीत, की बास ऐकताना पायाखाली पेंढा आणि डोक्यावर मधमाश्या असाव्या लागतात.

आता तारा उकळण्याविषयी. बासगिटारच्या तारा तेव्हा सहज मिळत नसत. मग वापरून बसलेल्या तारांचं काय करायचं, तर महिनाअखेर मामा त्या काढून, गोल वेटोळी करून पातेल्यात टाकायचा, वर पाणी, त्यात सिरक्याची धार, आणि चुलीवर पाव तास. पाण्यावर काळा तवंग यायचा. मग तारा पुसून उन्हात ठेवायच्या आणि परत चढवायच्या. मी शपथेवर सांगते, मेलेल्या तारा जिवंत होत. कालची बद्द वाजणारी तार आज देवळाच्या घंटेसारखी बोलायची. आईने त्यासाठी एक पोचे आलेलं पातेलं वेगळं काढून दिलं होतं आणि त्यात चुकून डाळ शिजू नये म्हणून त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली होती. मला तो प्रकार चमत्कारच वाटायचा. काना गावच्या लग्नात येशूच्या हातून पाण्याची दारू झाली, तसं आमच्या चुलीवर दर महिन्याला काहीतरी होत होतं.

आणि मग एका संध्याकाळी पास्कूमास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसला. भला माणूस, ट्रम्पेट वाजवून वाजवून गाल कायमचे थोडे फुगलेले. आईने पुढे ठेवलेले फुगे, म्हणजे आमच्याकडचे ताडीत आंबवलेल्या पिठाचे गोल वडे, त्याने एकामागून एक संपवले आणि मग सांगितलं, की दोन बासवाले आता त्याला परवडत नाहीत. दर रविवारी बँडचा आवाज बदलतो, लोक बोलतात. येत्या रविवारी त्याच्या पुतणीचं लग्न होतं. जेवणाच्या आधी मामाने वाजवावं, पंगत बसल्यावर बाबांनी, आणि मग तो एकालाच ठेवील. बोलताना त्याने बाबांकडे पाहिलं नाही. त्यावरून काय ठरलंय ते सगळ्यांना कळलं. बाबा उठून बागेत गेले आणि काळोख पडेपर्यंत केळीची वाळकी पानं कापत बसले, जी सकाळीच कापून झाली होती. केळी पिकवणारे आमच्या आळीत वीस होते. उभा बास वाजवणारा एक. रविवारनंतर तेही विसांतले एक होणार होते, आणि हे मला बघवेना.

गुरुवारी बाबा आगाशीला आत्याकडे मयताच्या महिन्याच्या मिस्सेला गेले. मी खोपीत गेले. त्या तारांकडे पाहिलं. तपकिरी, तेलकट, जागोजाग केस सुटलेल्या. मनात म्हटलं, ह्यांना एकदा, फक्त एकदा, चुलीचं दर्शन घडवलं तर? बाबांना कळणारही नाही. रविवारी सूर असा निघेल की पास्कूमास्तरचे गाल सपाट होतील. मी चारही तारा सोडल्या. शेवटची सुटताच तारा पेलणारी लाकडी घोडी बंदुकीच्या बारासारखा आवाज करत खाली पडली आणि बासच्या पोटात काहीतरी गडगडत गेलं. तिथेच थांबायला हवं होतं, हे आज सुचतं. मी वेटोळी केली, लाल चिंधीचं पातेलं घेतलं, पाणी, सिरका, चूल. मामा पाव तास ठेवायचा. मी प्रेमापोटी अर्धा तास ठेवल्या.

आधी वास आला. आई अंगणातून ओरडली, आज कुणी पाये शिजायला घातले? मी झाकण काढलं. पातेल्यात तारा नव्हत्या. फुगलेलं, गुंडाळलेलं, पांढुरकं काहीतरी होतं. चमच्याने उचललं तर ते लांबलं आणि तुटलं. दोन जाड तारांवरचं तांब्याचं वेढण तेवढं उसवून वर तरंगत होतं. बाबा दुपारी आले, पातेल्यापाशी उभे राहिले. टोपी काढली. मग ओट्यावर जाऊन बसले. मामा वालीवहून आला तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्याशी थेट बोलले. फार सभ्यपणे. म्हणाले, बस्त्याव, जागा तशीही तुलाच मिळणार होती, एवढी घाई नको होती.

मामाला काही कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. सकाळचा तास, शनिवारचा तास, सिरका, अर्धा तास, सगळं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"इजू," ते म्हणाले, "मेंढी होती ती."

त्या तारा धातूच्या नव्हत्याच. मेंढीच्या आतड्याची वळलेली तात होती, कुणा म्हाताऱ्या वादकाने बाबांना तरुणपणी दिलेली. दोघांच्या घराण्यांत मिळून एवढं ज्ञान मला कोणी दिलं नव्हतं, कारण एकाला दुसऱ्याच्या तारांचा उल्लेखही सहन होत नव्हता. बाबा म्हणाले, पास्कूला निरोप द्या, मी येत नाही. आत जाऊन आडवे झाले. जेवले नाहीत. पानात सुक्या बोंबलाचं कालवण होतं, हे सांगितलं म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते कळेल.

आता मामाने खरं तर शीळ घालत झोपायला जायला हवं होतं. तो खोपीत गेला. मी मागोमाग. त्याने त्या उघड्या बासला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. आडवा करून हलवला, आत गडगडलेलं ऐकलं आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, आल्मा पडला. पोटाची फळी आणि पाठीची फळी ह्यांच्यामधे बोटभर जाडीची एक लाकडी कांडी नुसत्या दाबावर उभी असते, चिकटवलेली नसते. वाद्याचा सगळा आवाज तिच्यातून जातो. जुने वादक तिला आल्मा म्हणत, म्हणजे आत्मा. मामाने बासवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली. मग म्हणाला, "तारा नसलेल्या माणसाशी मी कुस्ती खेळत नाय. उद्या अर्नाळ्याला जायचं."

त्याने वर्कशॉपला दांडी मारली आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून अर्नाळ्याला नेलं. बोंबील वाळत घातलेल्या ओळींमधून वाट काढत आम्ही गणपत तांडेलाकडे पोचलो. म्हातारा नाखवा, मामाच्या ओळखीचा, जाळं विणत बसला होता. मामाने जाडातला जाड तंगूस मागितला, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. कुठला मासा धरायचा, असं तांडेलाने विचारलं. मामा म्हणाला, बास. तांडेल विचारात पडला आणि म्हणाला, "ह्या पान्यात नाय गावत तो." मग मामाने वाळूत बोटाने चित्र काढून समजावलं. म्हातारा एकदम गंभीर झाला. मुशी, म्हणजे शार्क, धरायचा तंगूस काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः दाताखाली धरलं आणि मधे बोटाने छेडलं. माझा हात कोपरापर्यंत थरथरला. तो सांगत होता, की दोर हातात धरला की खाली काय आहे ते त्याला बघावं लागत नाही, मोठा मासा वेगळा थरथरतो, खडक वेगळा, रिकामं पाणी वेगळं. तीन तारांपुरता तंगूस त्याने कापून दिला. सर्वांत खालच्या सुरासाठी तेवढी जाडी पुरेना, तेव्हा दोन खुंट मारून, लाकडी आकडा फिरवत, जाळ्याचा दोर वळावा तसे तीन पदर वळून एक तार तयार केली. संगीताचं त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. पण वळताना तो मधून मधून थांबून ती कानाशी धरत होता.

चुलीत तापवून वाकवलेल्या सळईने मामाने त्या शनिवारी सकाळी बासच्या पोटातली कांडी पुन्हा उभी केली. बासच्या अंगावरच्या फटीतून सळई आत घालायची, आरशाच्या तुकड्यात बघायचं, आणि श्वास धरून एकेक केसभर सरकवायचं. बाबा खोपीच्या दारात पाठ करून उभे होते. बऱ्याच वेळाने, केळींना उद्देशून बोलावं तसे ते म्हणाले, की आपण मासे धरत नाही. मामा आतून म्हणाला, की आपण इस्त्रीही करत नाही, जरा उजेड सोडा. बाबा दारातून बाजूला सरले. माझ्या लेखी तह तिथेच झाला. नवा तंगूस ताणत राहतो, सूर सारखा उतरतो. दिवसभर मी खुंट्या पिळत होते आणि बाबा नुसते ऐकत, अजून, अजून, असं सांगत. वाजवलं मात्र नाही त्यांनी.

रविवारी मिस्सा झाली, नवरा-नवरी मांडवात आली, डुकराच्या इंदेलाचा आंबट-तिखट वास सुटला. मामाने जेवणाआधी वाजवलं. मी त्याला इतकं चांगलं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं; मुद्दाम हरायचं असतं तर त्याला कठीण नव्हतं, पण तसं करणं त्याने बाबांचा अपमान मानला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्कूमास्तरने समाधानाने मान हलवली. मग पंगत बसली आणि बाबा उभे राहिले. पहिल्या गाण्यात तार उतरली. मला बाकावर बसवेना. त्यांनी वाजवता वाजवताच डाव्या हाताने खुंटी फिरवली, सूर वर आणला आणि दुसऱ्या गाण्यात मान खाली घालून शिरले. तिसरं होतं संथ वॉल्ट्झ.

ते कसं होतं हे सांगायचा प्रयत्न मी चाळीस वर्षं करते आहे. आधी मला वाटलं, लांब कुठेतरी समुद्र वळतोय. मग माझ्या बाकाचं लाकूड बोलायला लागलं. मग माझ्या बरगड्या. तो सूर मोठा नव्हता, रुंद होता. मांडवाच्या कापडाखाली कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन उभा राहत होता. समोरच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती आणि पाणी वाढणारा माणूस ती बघत तांब्या हातात धरून तसाच थांबला होता. गिटारवाला थांबला. व्हायोलिनवाल्याने गज खाली घेतला. शेवटी पास्कूमास्तरनेच ट्रम्पेट ओठांवरून काढलं आणि आपल्याच बँडला हाताने गप्प बसवलं. उरला एकटा बास. माझे बाबा, ज्यांना मी रोज पहाटे केळीचे घड वाहताना बघायचे, डोळे मिटून, मुशी धरायच्या दोरीवर, असं काही वाजवत होते की नवरीची आजी नकळत उभी राहिली, मिस्सेत राहतात तशी. घास हातात धरून माणसं थांबली होती. कुत्रीसुद्धा बाकांखालून बाहेर येऊन बसली होती. मला तेव्हा भीती वाटली, खरीखुरी. आपण चुकून उघडू नये ते दार उघडलंय अशी.

पास्कूमास्तरने मामाकडे पाहिलं. मामाने आपल्या लाल गिटारच्या पेटीचं झाकण लावलं आणि दोन्ही कड्या घातल्या. पुढे तो विरारच्या एका ऑर्केस्ट्रात गेला, नाव काढलं, आणि मीठ मात्र आमच्याच घरी, बाबांच्या हातून घेत राहिला. बाबांची जागा पास्कूमास्तरचा बँड मोडेपर्यंत बाबांचीच होती. तंगुसाच्या त्या तारा त्यांनी मरेपर्यंत बदलल्या नाहीत. घाम मुरतोय म्हणायचे.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी शेवटचा सूर हळूहळू मांडवाच्या कापडात विरत होता आणि तीनशे माणसांत कोणी श्वास घेत नव्हतं. आई फुग्यांची परात कमरेवर घेऊन पंगतीच्या मधोमध उभी होती. एकवीस वर्षांचा संसार, प्रत्येक लग्नात नवऱ्याच्या समोर बसलेली ती बाई, तोंड अर्धवट उघडं ठेवून बाबांकडे बघत होती. आणि त्या शांततेत, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, ती बोलून गेली:

"अहो, हे वाजतं होय? मला इतकी वर्षं वाटायचं, पडू नये म्हणून तुम्ही नुसते धरून उभे असता."